रक्तवाहिन्यांसाठी आधी काय: आहार की चालणं?

डॉक्टर म्हणतात, "दोन्ही करा." बरोबरच आहे. पण घर, नोकरी आणि सासूबाईंची पथ्यं सांभाळणारीने दोन्ही एकाच सोमवारी सुरू केलं, तर बहुतेक वेळा दोन्ही एकदमच सुटतं. म्हणून आधी कशाला हात घालायचा, तेवढ्यापुरतंच हे लिहिते आहे. वजन जास्त, बीपी काठावर आणि पाळी जायला आलेली, अशा मैत्रिणींसाठी.

नुसतं वजन उतरवायचं असेल तर आहारच सरस. एकट्या चालण्याने काटा फारसा हलत नाही. वजन घटलं की बीपीही उतरतं, ढोबळमानाने किलोमागे एक अंक. लोणचं, पापड आवरून मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत आणलं तर आणखी फरक पडतो. हे सगळं मला मान्य आहे.

रक्तवाहिन्यांचं गणित मात्र थोडं वेगळं आहे. त्यांच्या आतलं पातळ अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं आणि त्याने वाहिनी सैल होते. नायट्रिक ऑक्साइडच्या या कामाच्या शोधाला 1998 सालचं नोबेल मिळालं. पोटावर चरबी साठली की हे काम मंदावतं. पाळी गेली की इस्ट्रोजेनचा आधारही कमी होतो. तेलकट, जड जेवणानंतर तर काही तास अस्तर आणखीच सुस्त राहतं, हा मुद्दा आहाराच्या बाजूचा. पण भरभर चालताना रक्ताचा वेग वाढतो, प्रवाह अस्तराला घासून जातो आणि ते घासणंच त्याला कामाला लावतं. त्यामुळे वजन तेवढंच राहिलं तरी वाहिन्या सुधारू शकतात. काट्याकडे बघून खचलेल्या बाईला याचा केवढा धीर येतो!

हे तपासायची रीतही आहे. दंडाला किंवा हाताला पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त थांबवायचं, मग सोडायचं आणि धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीवर बघायचं. संशोधनात ही पद्धत 1992 पासून रुळली, आपल्या नेहमीच्या दवाखान्यात ती कुणी करत नाही. आपल्या हाताशी बीपीचं मशीन, कमरेची टेप आणि जिना.

मी सुरुवात आहारापासून केली होती. तक्ता चांगला होता, भाकरी, उसळ, ताक, सगळं आपलंच. मला नडलं ते उरलेलं अन्न. सगळ्यांची पानं झाल्यावर मी बसणार, तेव्हा मुलाची अर्धी पोळी, कढईच्या तळाचा तेलकट रस्सा, कालचा चार घास भात समोर असणार. अन्न टाकायचं नाही हा घरचा संस्कार, आणि तो मला सोडायचाही नाही. तक्त्यात "रात्री एक भाकरी" असं लिहिलेलं असतं, पण या चार घासांना कुठे जागाच नसते. स्वतःसाठी वेगळं भांडं चढवावं तर "तुझं काही बरं नाही का?" अशी चौकशी. पाच माणसांच्या स्वयंपाकात माझ्या वाट्याला फोडणीचं किती तेल आलं, हे कुणाला सांगता येईल? आहार बदलायचा म्हणजे घर बदलायचं, आणि ते काम एकटीचं नाही. चालणं मात्र एकटीचं असतं. पहाटे पुण्यातल्या तळजाई टेकडीवर गेलं की कुणाच्या ताटाशी संबंध उरत नाही.

चालण्यालाही अडचणी आहेत. पावसाळ्यात टेकडी निसरडी होते, एकटीला अंधारात भीती वाटते, गुडघे कुरकुरतात. थांबलं की काही आठवड्यांत फायदाही ओसरतो. शिवाय पाळी गेल्यानंतर अस्तरावरचा व्यायामाचा परिणाम सगळ्या अभ्यासांत सारखा दिसलेला नाही, म्हणून शक्य असेल तर ती जाण्याआधीच सुरू करावं. माझ्यापुरतं सांगायचं तर जिन्यावरची धाप आधी गेली, संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा तो थांबला, आणि मशीनवरचे आकडे खाली आले. वजन जवळपास तेच होतं. दुसरीला असंच होईल, असं म्हणणार नाही.

तरीही कुणी विचारलं तर मी आधी चालायलाच सांगेन. आठवड्याला 150 मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. ते अंगवळणी पडलं की मीठ आणि रात्रीचं जेवण हाताळावं. गुडघे फारच दुखत असतील, साखर वाढलेली असेल किंवा स्वयंपाक फक्त स्वतःपुरता असेल, तर क्रम उलटा करायला हरकत नाही. छातीत दुखत असेल किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि टेप जवळ ठेवा: आपल्याकडच्या बायकांसाठी कमरेची मर्यादा 80 सेंटिमीटर धरतात, आणि चालण्याचा फरक बऱ्याचदा काट्याआधी तिथे दिसतो.