वापरानंतरचा अनुभव: 23 एचपीचा जुना छोटा ट्रॅक्टर, दोन हिवाळे आणि एक उन्हाळा

ऑक्टोबर 2023 मध्ये ट्रॅक्टर दारात आला तेव्हा मीटरवर 412 तास होते. आज 538 आहेत. मधले सव्वाशे तास जवळजवळ सगळे मीच चालवलाय. त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

आम्ही बफेलोच्या दक्षिणेला राहतो, न्यूयॉर्क राज्याच्या पार पश्चिम टोकाला. इथला बर्फ सरोवराचा. ईरी सरोवराचं पाणी अजून कोमट असताना त्यावरून थंड वारा वाहतो, वाफ उचलतो आणि किनारा ओलांडला की ओततो. त्याचा पट्टा इतका अरुंद असतो की पंधरा मैलांवर ऊन आणि आमच्याकडे समोरचं घर दिसत नाही. ईरी उथळ आहे, त्यामुळे एकदा गोठलं की मारा कमी होतो, पण गोठेपर्यंत काही खरं नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये शेजारच्या ऑर्चर्ड पार्कला काही दिवसांत 80 इंच बर्फ पडला. आमचा 380 फुटांचा खडीचा ड्राइव्हवे तेव्हा कंत्राटी प्लाऊवाल्याच्या, म्हणजे ट्रकने बर्फ ढकलून देणाऱ्याच्या, भरवशावर होता. तो तीन दिवस पोचू शकला नाही, कारण त्याचाच ट्रक अडकला होता. घरात सासूबाई होत्या आणि त्यांची औषधं दोन दिवसांची उरली होती. यापुढे बर्फ आपला आपण काढायचा, हे त्या तीन दिवसांत ठरलं.

जागा अडीच एकर, त्यात दोन एकर गवत. म्हणजे एकच यंत्र हवं होतं, उन्हाळ्यात गवत कापणारं आणि हिवाळ्यात बर्फ काढणारं. बजेट पंधरा हजार डॉलर, अवजारांसकट.

माझं माहेर नाशिक जिल्ह्यातलं, द्राक्षाचं. अण्णांकडे 24 एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह छोटा ट्रॅक्टर आहे. दोन ओळींमधून निघेल एवढाच रुंद, मागे फवारणीचा ब्लोअर. आमच्याकडे ‘ब्लोअर’ म्हटलं की औषध मारायचा ब्लोअरच डोळ्यांसमोर येतो. कुबोटाचा निओस्टार किंवा महिंद्राचा जिवो ज्यांनी बागेत बघितलाय, त्यांना अमेरिकेतला सब-कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर नवा वाटणार नाही. तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, मागे अवजार जोडायचं थ्री पॉइंट लिंकेज, आणि अवजार फिरवणारा मिनिटाला 540 फेऱ्यांचा शाफ्ट, म्हणजे पीटीओ. मोठा फरक दोनच ठिकाणी आहे. इथे गिअरऐवजी हायड्रोस्टॅटिक पेडल असतं, म्हणजे पाय दाबला की पुढे, दुसरं पेडल दाबलं की मागे. आणि पोटाखाली गवत कापायचा डेक चालवायला मधला वेगळा पीटीओ असतो.

मी कोणत्या रंगाचा, म्हणजे कोणत्या कंपनीचा, घेतला ते मुद्दाम लिहीत नाही. नारंगी, हिरवा, लाल तिन्ही चालवून बघितले. महिंद्राने 15 ऑगस्ट 2023 ला केप टाऊनमध्ये ‘ओजा’ मालिका जाहीर केली, तिच्याबद्दलही भरपूर वाचलं. ट्रॅक्टर तेलंगणात झहीराबादला बनतो आणि नाव आपल्या ‘ओजस्’वरून, म्हणून जीव ओढत होता. पण त्या हिवाळ्याआधी मला हवी ती सगळी अवजारं लागलेला जुना ट्रॅक्टर जवळ मिळाला. या 20 ते 25 एचपीच्या वर्गात रंगापेक्षा दोन गोष्टी जास्त बघाव्यात असं माझं मत आहे: दुकान किती मैलांवर आहे आणि अवजार लावायला-काढायला किती वेळ लागतो. 25 एचपीच्या वर जाऊ नका, हेही सांगेन. त्याखालच्या इंजिनांना इथल्या धुराच्या नियमांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर लागत नाही. घरगुती वापरात इंजिन थोडा थोडा वेळच चालतं, अशा ठिकाणी ती एक कटकट कमी.

खर्च असा झाला. लोडर (पुढची उचलायची बादली) आणि 60 इंची डेकसह ट्रॅक्टर 11,800 डॉलर, मागे लावायचा, बर्फ उचलून दूर फेकणारा 50 इंची जुना स्नो ब्लोअर 2,100, मागच्या चाकांच्या साखळ्या 340, थंडीत इंजिन गरम करणारा ब्लॉक हीटर बसवून 160. एकूण 14,400. नव्या ट्रॅक्टरचं कोटेशन ब्लोअर सोडूनच बावीस हजारांच्या पुढे जात होतं. मात्र जुना घेताना मी तीन ट्रॅक्टर बघून नाकारले. एकाच्या पुढच्या ॲक्सलमधून तेल गळत होतं. दुसऱ्याचं मीटर बदललेलं होतं आणि विकणारा ते सांगायला तयार नव्हता. तिसरा मी जायच्या आधीच गरम करून ठेवलेला होता. डिझेल इंजिन थंड असतानाच चालू करून बघायचं, हे अण्णांनी फोनवर तीनदा बजावलं होतं.

ब्लोअर पुढचा की मागचा, यावर सगळ्यात जास्त डोकं चाललं. पुढचा ब्लोअर मधल्या पीटीओवर चालतो, समोर बघत बर्फ उडवता येतो, मान दुखत नाही. पण नवा घेतला तर पाच हजारांच्या वर, शिवाय तो लावला की लोडर काढावा लागतो. मागचा स्वस्त आणि साधा, पण ट्रॅक्टर उलटा चालवायचा. मी मागचा घेतला आणि दोन हिवाळ्यांनंतरही तोच बरोबर वाटतो. कारण लोडर पुढे राहतो. टाऊनचा प्लाऊ रस्त्यावरून गेला की ड्राइव्हवेच्या तोंडाशी कमरेएवढा बांध घालून जातो. तो बांध म्हणजे मीठ, चिखल आणि गोठलेले ढेकळे. ब्लोअरला तो खायला घालू नये. आधी लोडरने फोडून बाजूला घ्यावा, मग वळून ब्लोअरने साफ करावा. रस्त्याच्या पलीकडे मात्र ढकलू नका, इथे ते कायद्यात बसत नाही.

मानेचं दुखणं खरं आहे. पहिल्या हिवाळ्यात दीड तास उलटं बघून चालवल्यावर रात्री झोप लागायची नाही. मग डाव्या फेंडरजवळ एक रुंद आरसा लावला, स्टिअरिंगला एका हाताने फिरवायचा नॉब बसवला आणि सीटवर थोडं तिरकं बसायची सवय केली. दुखणं अर्ध्यावर आलं, पूर्ण गेलेलं नाही. मणक्याचा त्रास असेल त्याने पैसे साठवून पुढचाच घ्यावा.

जानेवारी 2024 मध्ये खरी परीक्षा झाली. त्याच आठवड्यात ऑर्चर्ड पार्कचं स्टेडियम बर्फाने भरलं, बफेलो बिल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा प्लेऑफ सामना रविवारचा सोमवारवर गेला आणि तासाला 20 डॉलर देऊन लोकांकडून खुर्च्या उकरून घेतल्या. आमच्याकडे सकाळी बर्फ मांडीपर्यंत होता. भुसभुशीत, कोरडा. असा बर्फ ब्लोअरला फार आवडतो. लो गिअर, पीटीओ 540 फेरे घेईल एवढ्या वेगावर इंजिन आणि पाय अगदी हलका. वीस-पंचवीस फुटांवर पांढरी कमान पडत राहते. रुंदीचा हिशेब आधीच केला होता म्हणून निभावलं. ब्लोअर मागच्या चाकांच्या बाहेरच्या मापापेक्षा दोन इंच तरी जास्त रुंद हवा, नाहीतर आपणच आपला बर्फ तुडवत जातो.

निम्म्या वाटेवर खट्कन आवाज आला आणि कमान थांबली. शिअर बोल्ट तुटला होता. आत काही कठीण अडकलं तर गिअरबॉक्स फुटू नये म्हणून हा बोल्ट मुद्दाम मऊ लोखंडाचा असतो, आधी तो मरतो. पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात. टॉर्च दातांत धरून बघितलं, तर लेकाच्या सायकलच्या टोपलीचं हँडल. काठीने ते बाहेर काढलं, हाताने नाही. तुटलेला तुकडा छिद्रातून ठोकून काढायला पंच लागतो आणि नवा बोल्ट हातमोजा घालून बसत नाही. मोजा काढला आणि बोट लोखंडाला चिकटलं. हवा उणे 14 सेल्सिअस होती. बोटावर तोंडातली वाफ सोडून ते सोडवलं, नट फिरवला, पाना लावला. सगळं मिळून बारा मिनिटं. आता सीटखालच्या डब्यात दहा शिअर बोल्ट, पंच, हातोडी आणि डोक्याला लावायचा दिवा कायम असतो. वेळ मारून न्यायला घरातला कुठलाही कडक बोल्ट लावू नका. तो तुटणार नाही, गिअरबॉक्स तुटेल.

पीटीओबद्दल एवढं कळकळीने लिहिते, कारण आमच्या गावात मळणी यंत्रात पदर गेलेला मी लहानपणी बघितलाय. 540 म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर तुटलं असेल तर आधी ते बदला. ओढणी, मफलर, जॅकेटची लोंबती नाडी घालून जवळ जाऊ नका. मी हिवाळ्यात गळपट्टा घालतच नाही, कानटोपी आणि चेनचं जॅकेट.

खडीच्या ड्राइव्हवेवर पहिला बर्फ काढूच नये, हे मी ठेच लागून शिकले. पहिल्या खेपेला ब्लोअरने खडी उचलून गॅरेजच्या दारावर मारली, त्याचे पोचे अजून आहेत. आता पहिले तीन-चार इंच चाकांनी दाबून गोठू देते आणि ब्लोअर ज्यांवर सरकतो ते खालचे बूट इंचभर खाली सोडते, म्हणजे पातं जमिनीपासून वर राहतं. मार्चमधला ओला बर्फ मात्र वेगळा प्राणी आहे. भिजलेल्या साबुदाण्यासारखा बर्फ बाहेर फेकणाऱ्या धुराड्यात चिकटतो. आतून सिलिकॉन फवारलं की थोडं चालतं, आणि अशा वेळी बर्फ साचू न देता दर तीन-चार इंचांना एक फेरी मारणं हाच उपाय.

पहिल्याच जानेवारीत ट्रॅक्टर एकदा सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडला. बॅटरी चांगली, इंजिन सुरू करायला तापणारे ग्लो प्लगही गरम होत होते. फिल्टरच्या पारदर्शक वाटीत बघितलं तर आत थिजलेल्या तुपासारखं काहीतरी. मी सप्टेंबरात कॅनमध्ये भरून ठेवलेलं उन्हाळी डिझेल घातलं होतं, त्यातलं मेण गोठलं होतं. नाशिकला थंडीत खोबरेल गोठतं हे माहीत होतं, डिझेल गोठतं हे डोक्यातच आलं नाही. फिल्टर बदलला, टाकीजवळ हीटर लावून चार तास वाट पाहिली. आता ऑक्टोबर संपायच्या आत टाकीत हिवाळी डिझेल आणि बाटलीवर लिहिलेल्या मापाने अँटी-जेल. उणे दहाच्या खाली ब्लॉक हीटर दोन तास आधी लावते. आणि गॅरेजचं दार उघडल्याशिवाय इंजिन सुरू करत नाही, कितीही थंडी असली तरी.

गवताबद्दल थोडक्यात. 60 इंची डेकने दोन एकर दीड तासात होतं, डिझेल तासाला गॅलनभर. कापणी छान, तीन इंचांवर ठेवलं तर जुलैतही हिरवं राहतं. पण फक्त गवतच कापायचं असेल तर ट्रॅक्टर घेऊ नका, झीरो-टर्न, म्हणजे जागच्या जागी वळणारं गवतकापणी यंत्र, जास्त वेगाने आणि झाडांभोवती जास्त चांगलं कापतं. लोडर काढून ठेवला नाही तर वळणावर गवत उपटतं. एप्रिलच्या ओल्या जमिनीत चाकोऱ्या पडतात, त्या मला मातीने भराव्या लागल्या. उतारावर रोल बार (ट्रॅक्टर उलटला तर चालवणाऱ्याला वाचवणारी लोखंडी चौकट) उभा आणि पट्टा लावलेला हवाच. गॅरेजच्या दारासाठी बार दुमडला की तो तसाच राहून जातो, तिकडे लक्ष ठेवा.

लोडर मात्र मी धरला होता त्याच्या तिप्पट वापरला. लाकडं, खत, खडी, एकदा शेजारच्यांची पडलेली फांदी. जूनमध्ये ओल्या मातीची बादली भरून उचलली आणि ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीवरून सुटली. ब्रेक आणि फोर व्हील दोन्ही गेल्यासारखं झालं. बादली हळू खाली घेतली म्हणून वाचले. हिवाळ्यात मागे ब्लोअरचं वजन असतं, उन्हाळ्यात काहीच नव्हतं. त्या संध्याकाळी अण्णांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्यांनी आधी विचारलं, “अगं, मागं वजन किती टाकलंय?” मी म्हटलं, काहीच नाही. “मग एचपी घेऊन काय करशील? ट्रॅक्टर वजनावर उभा राहतो.” पुढच्या आठवड्यात मागच्या टायरांत बिटाचा रस भरून घेतला. इथे तो खरंच मिळतो. पाण्यापेक्षा जड, थंडीत गोठत नाही आणि रिमला गंज लावत नाही. शिवाय थ्री पॉइंटला काँक्रीट भरलेला डबा. लोडर लावला की डबा लागतोच, आता त्यात सूट नाही.

साखळ्यांबद्दल सांगायचं राहिलं. माझे टायर इंडस्ट्रियल नक्षीचे, आर-4. खडीवर, मातीवर उत्तम, बर्फाच्या काचेवर अगदीच निसरडे. साखळ्यांशिवाय उतारावरून ट्रॅक्टर आडवा घसरत गेला होता. साखळ्या लावल्यापासून एकदाही नाही. घेताना फेंडर आणि चाकामधली जागा मोजून घ्या.

डेक काढायला पहिल्यांदा मला पाऊण तास लागला होता, आता पंधरा मिनिटं. यंदा तो 1 नोव्हेंबरला काढणार, पाती धार लावायला देणार, ब्लोअरला ग्रीस मारणार. मागे आणखी एक दिवा बसवायचाय. पहाटे पाचला उलटं चालवताना खडी कुठे संपते आणि लॉन कुठे सुरू होतं ते दिसत नाही. दोन्ही बाजूंना दर वीस फुटांवर कड दाखवणाऱ्या नारंगी काठ्या मात्र जमीन गोठायच्या आतच ठोकून घ्याव्या लागतील.