मालवणच्या मेडिकलमधून घेतलेलं सनस्क्रीन: होडीवर किती टिकतं?

तारकर्लीला पर्यटकांची होडी चालवतो. ऊन डोक्यावरून येतं तसंच पाण्यावरून आणि वाळूवरूनही उलटून येतं, त्यामुळे टोपी घालूनही हनुवटीखाली रापतं. म्हणून ही एसपीएफ ५० ची ट्यूब घेतली. ५० ग्रॅम, पाचशेच्या आतबाहेर.

चिकट नाही, वास जवळजवळ नाही, हे आवडलं. पण पांढरा थर राहतो. आई म्हणाली, "तोंडाक चुनो फासलंस की काय?" घाम आला की डोळ्यांत उतरून चुरचुरतं, आणि सुकाणू धरलेलं असताना डोळे चोळत बसता येत नाही.

एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या किरणांचा. ३० वालं साधारण ९७ टक्के अडवतं, ५० वालं ९८. खरं बघायचं ते ट्यूबवर 'पीए' या अक्षरांपुढे छापलेले अधिक (+). ते यूव्हीए किरणांसाठी, जे खोलवर जाऊन सुरकुत्या आणतात. या ट्यूबवर तीन आहेत. चार असते तर बरं.

चेहऱ्याला आणि मानेला दोन बोटांवर लांबीभर पट्टी काढाल एवढं लागतं, दर दोन तासांनी पुन्हा, पाण्यात उतरलात तर लगेच. असं लावलं तर ट्यूब पंधरवडा पुरत नाही. गिऱ्हाइकं वाटाण्याएवढं लावतात आणि संध्याकाळी लालबुंद होऊन औषधाचं दुकान विचारतात!

मी हात पूर्ण बाह्यांच्या शर्टाने झाकतो, ट्यूब फक्त तोंडाला, मानेला. पाचपैकी साडेतीन. पुढच्या वेळी मोठा पॅक मिळाला तरच घेईन.