तेलविहिरीभोवतीचा समुद्रतळ: गाळ उचलायचा, कॅमेरा सोडायचा की डीएनए वाचायचा?

समुद्रातल्या तेलविहिरीभोवतीच्या तळाची पाहणी आखायला बसलं की पहिल्याच बैठकीत उपकरणांवरून जुंपते. एकाला ग्रॅबने गाळ उचलायचा असतो, दुसऱ्याला आरओव्हीने, म्हणजे जहाजावरून चालवायच्या पाणबुडी यंत्राने, चित्रीकरण करायचं असतं, आणि हल्ली तिसरा कुणीतरी ‘सरळ डीएनए करून टाकू’ म्हणतो. आपल्याला नेमकं काय विचारायचंय हे मात्र कुणी बोलत नाही. विहिरीतून निघालेला माल कुठवर पोचला? त्याने तळातले जीव बदलले का? की जवळच्या प्रवाळाला धोका आहे? हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाच पद्धतीत तिन्हींची उत्तरं मिळत नाहीत.

आधी तळावर काय साचतं ते पाहू. विहीर खोदताना खडकाचा चुरा, म्हणजे कटिंग्ज, ड्रिलिंग मडबरोबर, म्हणजे खोदाईसाठी विहिरीत फिरवलेल्या दाट द्रवाबरोबर, वर येतो. मडला वजन यावं म्हणून त्यात बराइट घालतात. बराइट म्हणजे बेरियम सल्फेट. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे गाळातलं बेरियम हा त्या विहिरीचा ठसाच समजायचा. पूर्वी तेलाधारित मड लागलेल्या कटिंग्ज थेट समुद्रात सोडत. उत्तर समुद्रात त्यांचे ढीग प्लॅटफॉर्मखाली आजही पडून आहेत.

ग्रॅब आणि कोअर

कोअर म्हणजे गाळात नळी खुपसून काढलेला उभा नमुना; व्हॅन वीन ग्रॅब म्हणजे दोन जबड्यांची लोखंडी बादली. जबडे उघडे ठेवून केबलवर सोडायची. तळाला टेकली की खिटी सुटते आणि वर ओढताना जबडे मिटतात. एका खेपेला साधारण ०.१ चौरस मीटर तळ हाती लागतो. डेकवर आल्यावर आधी वरची झडप उघडून आत डोकवायचं. गाळावर स्वच्छ पाणी उभं असेल आणि पृष्ठभाग मोडलेला नसेल तर नमुना पास. जबड्यात एखादा गोटा अडकला असेल तर वरचा मऊ थर येता येता धुऊन गेलेला असतो, आणि आपल्याला हवा असतो नेमका तोच थर. एका रात्री एकाच स्टेशनवर, म्हणजे नमुन्याच्या ठरलेल्या जागी, मी सात वेळा ग्रॅब सोडलाय. सातव्यांदाही गोटाच आला, तेव्हा कुठे मान्य केलं की तळच खडकाळ आहे.

चांगला नमुना आला की रसायनांसाठी वरचा एक सेंटीमीटर खरवडून घ्यायचा: तेलासाठी स्टीलच्या चमच्याने, धातूंसाठी प्लास्टिकच्या. जीवांसाठी वेगळा ग्रॅब घेऊन अख्खा गाळ १ मिलीमीटरच्या चाळणीवर हलक्या पाण्याने धुवायचा आणि उरेल ते फॉर्मालिनमध्ये. पुढे प्रयोगशाळेत ‘रोज बेंगॉल’ या रंगाने गुलाबी झालेले किडे, शिंपले, ब्रिटल स्टार (तारामाशासारखे लांब हातांचे जीव) चिमट्याने वेचून एकेकाची जात ओळखायची. हे काम महिनोन्‌महिने चालतं. ओळखणारी माणसंही कमी उरलीत, आणि खर्चाचा मोठा वाटा तिथेच जातो.

तरीही मऊ तळावर माझं मत ग्रॅबलाच. कारण उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क तेलक्षेत्रात दिसलं. नुसत्या विविधतेच्या निर्देशांकावर, म्हणजे जातींचं वैविध्य एका आकड्यात सांगणाऱ्या मापावर, पाहिलं तर परिणाम प्लॅटफॉर्मच्या अगदी आसपास संपतो असं वाटत होतं. पण १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुठली जात किती, याची पूर्ण यादी धरून स्टेशनं एकमेकांशी ताडून पाहिली, तेव्हा बदल सुमारे ३ किलोमीटरपर्यंत दिसला. ॲम्फियुरा फिलिफॉर्मिससारखे ब्रिटल स्टार लवकर मागे हटतात आणि कॅपिटेला हा किडा घाण वाढली की फोफावतो. जातींची यादी नसेल तर ही अदलाबदल आकड्यांत दडून राहते.

नॉर्वेची रचना बरेच जण नमुना म्हणून घेतात. तिथे दर तीन वर्षांनी प्रदेशवार फेरी होते, प्लॅटफॉर्मपासून २५०, ५००, १००० आणि २००० मीटर अशा अंतरांवर स्टेशनं असतात, आणि प्रत्येक स्टेशनवर जीवांसाठी पाच व रसायनांसाठी तीन ग्रॅब घेतात.

रसायनांबद्दल एक सूचना. बेरियम वाढलं याचा अर्थ माल इथवर आला, एवढाच. नुकसान झालं असा नाही. एकूण हायड्रोकार्बनसाठी किलोला ५० मिलिग्रॅम हा आकडा कटिंग्जच्या ढिगांच्या संदर्भात परिणामाची सीमा म्हणून वापरतात, तोही जीवांच्या यादीशेजारी ठेवूनच वाचावा. आणखी एक: नायट्रिक आम्लात बराइट पुरतं विरघळत नाही, हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरलं किंवा एक्स-रे फ्लुरोसन्सने मोजलं तर आकडा बराच मोठा येतो. कार्यक्रमाच्या मध्येच प्रयोगशाळा बदललीत आणि तिची रीत वेगळी निघाली, तर एका रात्रीत ‘प्रदूषण’ वाढलेलं दिसेल.

कॅमेरा

खडकाळ तळ, स्पंज किंवा थंड पाण्यातलं डेस्मोफायलम प्रवाळ असेल तिथे ग्रॅबचा विचारही नको. एका खेपेत कित्येक दशकांची वाढ मोडून पडेल. तिथे आरओव्ही किंवा टांगलेला कॅमेरा ठरलेल्या रेषांवरून फिरवायचा आणि खोदाईआधी व नंतर तेच प्रवाळ पुन्हा टिपायचे. कटिंग्जची पूड बसलीय का, पॉलिप (प्रवाळातले एकेक जीव) उघडे आहेत का, मेलेला भाग वाढलाय का, हे चित्रातच कळतं.

मऊ गाळात मात्र बहुतेक जीव आत गाडलेले असतात आणि वरून कॅमेऱ्याला बिळांची तोंडं तेवढी दिसतात. त्यावर तोडगा म्हणजे सेडिमेंट प्रोफाइल कॅमेरा. काचेचा प्रिझम गाळात खुपसून उभा छेद टिपायचा. वरचा तपकिरी, प्राणवायू असलेला थर किती जाड, खाली काळा गाळ कुठे सुरू होतो, ताज्या कटिंग्जचा पापुद्रा किती, हे पटकन समजतं. दिवसाकाठी कितीतरी जास्त स्टेशनं होतात. जातींची यादी मात्र मिळत नाही. मी तो आधी फिरवून, संशयित जागा हेरून, मग ग्रॅब कुठे टाकायचे ते ठरवीन.

दोन्ही पद्धती शेजारी ठेवायच्या तर मेक्सिकोच्या आखातातल्या २०१०च्या डीपवॉटर होरायझन तेलगळतीच्या दुर्घटनेकडे पाहा. विहिरीपासून ११ किलोमीटरवर, सुमारे १३७० मीटर खोलीवर, तपकिरी थराने माखलेले प्रवाळ पाणबुडी वाहनांनी शोधले. ग्रॅबच्या ठरलेल्या स्टेशनांवर ते कधीच सापडले नसते. उलट गाळातल्या लहान जिवांवरचा परिणाम कोअरनेच मोजला: तीव्र परिणाम २४ चौरस किलोमीटरवर, मध्यम आणखी १४८वर. कॅमेऱ्याला हा विस्तार सांगता आला नसता.

डीएनए

गाळातला डीएनए वाचायला चमचाभर चिखल पुरतो, निकाल आठवड्यांत येतो, आणि फोरामिनिफेरा (कवचाचे एकपेशीय जीव), सूत्रकृमी यांसारखे चाळणीतून निसटणारे जीवही पकडले जातात. आश्वासक आहे, पण एकट्याच्या भरवशावर परवाना-अट पुरी करायला मी सांगणार नाही. जीव किती हे तो नीट सांगत नाही, मेलेल्यांचा डीएनएही गाळात टिकतो, आणि संदर्भसंग्रहात नसलेल्या जाती ‘अज्ञात’ म्हणून पडून राहतात. शिवाय आदल्या स्टेशनचा चिखल ग्रॅबला चिकटलेला असला तर तोही निकालात येतो. ग्रॅबच्या सोबतीला घ्यायचा असेल तर स्वस्तात भर पडते.

आणि पाणी?

खोदाई संपून उत्पादन सुरू झालं की तेलाबरोबर येणारं पाणी समुद्रात सोडलं जातं. तो परिणाम तळावर शोधू नका. त्यासाठी पिंजऱ्यातले शिंपले काही आठवडे प्रवाहात टांगून त्यांच्या अंगातले पीएएच, म्हणजे तेलातली विषारी संयुगं, मोजतात, किंवा माशांच्या पित्तातले अवशेष. हा वेगळा कार्यक्रम आहे, त्याचं बजेटही वेगळं धरा.

मी काय निवडीन

मऊ, सपाट तळ आणि नवी विहीर: खोदाईआधी ग्रॅबची एक पूर्ण फेरी, मुख्य प्रवाहाच्या दिशेने जास्त स्टेशनं, सोबत गाळाच्या कणांचा आकार. हा शेवटचा भाग बैठकीत नेहमी विसरतात. चिखलातले आणि वाळूतले जीव मुळातच वेगळे असतात. लांबचं तुलनेचं स्टेशन वाळूत आणि प्लॅटफॉर्मजवळचं चिखलात घेतलं, तर दिसलेला फरक तेलाचा की वाळूचा हे कुणालाच सांगता येणार नाही. मिश्र किंवा प्रवाळ असलेला तळ: आधी कॅमेरा, आणि ग्रॅब फक्त मधल्या मऊ पट्ट्यांत. जुना ढीग हलवायचा की तसाच ठेवायचा हा प्रश्न असेल तर लांब कोअर हवेत, कारण तेल आत दबलेलं असतं.

पैसे कमी पडले तर जवळची एखाद-दोन स्टेशनं कापा, तुलनेची कापू नका. डीएनए सध्या परवडत नसेल तरी पहिल्या, खोदाईआधीच्या फेरीत प्रत्येक ग्रॅबमधून एक कुपी भरून फ्रीझरात टाका, आणि फॉर्मालिनची बाटली उघडण्याआधी भरा. फॉर्मालिन लागलं की त्या चिखलातून डीएनए वाचणं फार अवघड होतं, आणि खोदाई सुरू झाल्यावर तसा चिखल पुन्हा मिळत नाही.