मधुमेह आणि हृदयाचा धोका: जनुकं तपासायची की लघवी?

गणपतीत चाकरमानी आले की आमच्या कलेक्शन सेंटरवर गर्दी होते. मुंबईचा मुलगा नाहीतर पुतण्या घरच्या वडीलधाऱ्यांना घेऊन येतो आणि मोबाईलवरचं एखादं पॅकेज दाखवतो. यंदा वाडीतले एक काका आले. वय ५४, आठ वर्षांचा मधुमेह, वडील पन्नाशीच्या आत अटॅकने गेलेले. पुतण्याला त्यांची जनुकं आणि टेलोमिअर तपासून हृदयाचा धोका जाणून घ्यायचा होता. खर्च हजारांत. काकांनी मला विचारलं, "ही टेस्ट केल्यार माका काय कळतला?"

मी रक्त काढतो, औषधं लिहून देत नाही. पण हा प्रश्न इतक्यांना पडतो की नीट मांडून सांगावंसं वाटलं.

टेलोमिअर

होडीच्या दोराचं टोक उसवू नये म्हणून ते सुतळीने आवळून बांधतात. रंगसूत्रांच्या टोकांना तसंच बांधकाम असतं, ते टेलोमिअर. पेशी विभागली की ते थोडं झिजतं. या शोधासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चं नोबेल मिळालं, म्हणजे विज्ञान पक्कं आहे. मधुमेहात ही झीज जास्त दिसते. ज्यांचे टेलोमिअर सर्वात आखूड, त्यांच्यात हृदयाच्या धमन्यांचा आजार लांब टेलोमिअरवाल्यांच्या सुमारे दीडपट आढळतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये मांडलं गेलं.

पण हे हजारो माणसांच्या सरासरीचं गणित आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं टेलोमिअर डीएनएच्या अक्षरांच्या काही हजार जोड्यांचं असतं आणि वर्षाला साधारण २० ते ४० जोड्यांनी झिजतं. मोजणीत होणारी चूक त्याहून मोठी असते. यंदा मोजलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजलं, तर दिसणारा फरक झिजेचा की यंत्राचा हे कसं ठरवणार? शिवाय लांब टेलोमिअर म्हणजे सगळं उत्तम असंही नाही, काही कर्करोगांचा धोका त्यांच्यासोबत वाढलेला दिसतो. आणि हा आकडा पाहून डॉक्टर कोणतं औषध बदलतील? सध्या तरी कोणतंच नाही.

जनुकं

२००७ मध्ये नवव्या रंगसूत्रावरचा ९पी२१ हा भाग हृदयविकाराशी जोडला गेला. त्याच्या शेजारीच पेशींचं विभाजन थांबवणारी, म्हणजे पेशी म्हातारी होण्याशी थेट संबंध असलेली जनुकं आहेत. या भागाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. त्यातली एक धोक्याची असली तर धोका साधारण पाव पटीने वाढतो, आणि अशी प्रत असलेली माणसं भरपूर आहेत.

मधुमेहींसाठी मला सर्वात मोलाचा वाटतो तो २००८ चा एक छोटा अभ्यास. धोक्याच्या दोन प्रती पण साखर बरी ताब्यात असेल, तर एकही प्रत नसलेल्या आणि साखर ताब्यात ठेवलेल्या माणसाच्या तुलनेत धोका सुमारे दुप्पट. त्याच दोन प्रती आणि साखर दीर्घकाळ बिघडलेली असेल, तर सुमारे चौपट. त्या प्रती बदलता येत नाहीत, साखर येते. आणि साखर ताब्यात ठेवा हे सांगायला ९पी२१ चा रिपोर्ट लागत नाही.

अनेक जनुकं मिळून काढलेला स्कोअर मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेला असतो. आपल्याकडे तो तेवढा अचूक बसत नाही.

लघवीतलं अल्ब्युमिन

काहीशे रुपयांची ही तपासणी मधुमेही टाळतात आणि मला त्याचं वाईट वाटतं. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन. मूत्रपिंडाच्या बारीक गाळणीतून ते झिरपू लागलं, की अंगभरच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावल्याची ती खूण असते, हृदयाच्याही. लघवीतून रोज जाणाऱ्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थाशी तुलना करून ते मोजतात. क्रिएटिनिनच्या प्रत्येक ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर ठीक.

या रिपोर्टवर डॉक्टरांचा हात हलतो. डेन्मार्कमधल्या स्टेनो-२ अभ्यासात अशी गळती असलेल्या १६० मधुमेहींपैकी निम्म्यांची साखर, रक्तदाब आणि चरबी एकाच वेळी कसून आटोक्यात आणली. त्यांच्यात हृदय व रक्तवाहिन्यांचे आजार जवळपास निम्म्याने घटले.

नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा द्या. ताप, लघवीचा संसर्ग किंवा पाळी असेल तर थांबा. आकडा वाढलेला आला तर तीन ते सहा महिन्यांत पुन्हा तपासा, तीनपैकी दोनदा वाढला तरच खरा धरतात.

मधली वाट

ज्यांना जनुकांचंच म्हणणं ऐकायचं आहे, त्यांनी लायपोप्रोटीन स्मॉल ए, म्हणजे रक्तातून चरबी वाहून नेणारा एक कण, तपासावं. त्याची पातळी बहुतांश जन्मतःच ठरते, त्यामुळे आयुष्यात एकदा केली तरी पुरते. रक्ताच्या प्रत्येक डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर डॉक्टर चरबीचं औषध लवकर आणि जोरात सुरू करण्याचा विचार करतात. फॉर्मवर नाव नीट पाहा, अपोलायपोप्रोटीन ए-वन ही वेगळी तपासणी आहे.

धमन्यांतल्या कॅल्शियमचा सीटी स्कॅन करायला मोठं शहर गाठावं लागतं. चाळिशीनंतरच्या बहुतेक मधुमेहींना डॉक्टर स्टॅटिन ही चरबीची गोळी देतातच (२००४ च्या एका मोठ्या चाचणीत त्याने हृदय व मेंदूचे झटके ३७ टक्क्यांनी कमी केले). गोळी घ्यावी की नाही यावर जो अडून बसलाय, त्याला या स्कॅनचा उपयोग.

"मी तर बारीक, माका काय जाता?" हेही रोज ऐकतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे बारीक दिसणाऱ्याच्या अंगातही चरबी दडलेली असू शकते. शेजारच्या गोव्यात तर २०२३ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार २६.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे, देशात सर्वाधिक.

एक गोष्ट सगळ्यांच्या आधी. मधुमेहात नसा बोथट होतात, त्यामुळे अटॅक दुखल्याशिवायही येतो. घाटी चढताना नव्याने दम लागत असेल तर चाचण्या निवडत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

काकांना मी लघवीचं अल्ब्युमिन, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी), चरबी आणि एकदाच लायपोप्रोटीन स्मॉल ए असं सुचवलं. त्यांच्या डॉक्टरांनीही तेच लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी ते डबी घेऊन सातलाच दारात हजर. रक्त घेऊन नळ्या बर्फाच्या पेटीत ठेवत होतो, तेव्हा पुतण्याने विचारलं, "ते आयुष्यात एकदाचं म्हणालात ते मीही करू का? आजोबा तर माझेही तेच." मी म्हटलं, कर. त्याने बाही वर केली आणि मी नवी सुई फोडली.