स्मार्ट वजनकाटा: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

गेले चौदा महिने मी एक स्मार्ट वजनकाटा वापरत आहे. काचेचा चौकोनी पृष्ठभाग, त्यावर तळपायांखाली येणाऱ्या चार धातूच्या पट्ट्या आणि मोजलेला प्रत्येक आकडा ब्लूटूथने मोबाइलमधील ॲपकडे पाठवण्याची सोय, असे त्याचे स्वरूप आहे. ॲपमध्ये वजनाचा आलेख, चरबी आणि स्नायूंचे अंदाज आणि ‘सोबती’ नावाचा एक विभाग आहे. या विभागात वापरणारी मंडळी आपली छायाचित्रे, आकडे आणि दिनक्रम एकमेकांना दाखवतात, आणि जाहिरातीत सर्वाधिक भर त्याच्यावरच आहे. हा काटा मी वजन उतरवण्यासाठी घेतला नव्हता, हे आधीच सांगितले पाहिजे. सुमारे वीस वर्षे माझे वजन ६१ ते ६३ किलोंच्या दरम्यान राहिले आहे आणि पन्नाशी जवळ आल्यावरही ते तसेच राहते का, एवढेच मला पाहायचे होते.

वजन मोजण्याच्या मूळ कामात काटा चोख आहे. मी आधी रिकाम्या हाताने आणि मग पाच किलोचे डंबेल घेऊन त्यावर उभा राहिलो, तेव्हा फरक बरोबर पाच किलोंचा आला. असे तीन दिवस करून पाहिले. फरशीऐवजी जाड सतरंजीवर ठेवल्यास मात्र तो काहीही सांगतो. ॲपमधील सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे सात दिवसांच्या सरासरीची रेषा. शरीरातील पाणी, पोटातील अन्न आणि आदल्या दिवशीचे मीठ यांमुळे माणसाचे वजन एका दिवसात किलो-दीड किलोने सहज वरखाली होते. ग्लायकोजेनच्या, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या साखरेच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते, त्यामुळे उपाशी राहिल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत जे वजन ‘उतरते’ ते बहुतांशी हेच पाणी असते. सरासरीची रेषा हा गोंगाट बाजूला सारते, आणि एवढ्या एका सोयीसाठीही काटा घेण्यासारखा आहे.

चरबीच्या टक्केवारीबद्दल असे म्हणता येत नाही. पट्ट्यांमधून एका पायातून दुसऱ्या पायात अतिशय सौम्य विद्युतप्रवाह जातो आणि त्याला होणाऱ्या विरोधावरून चरबीचा अंदाज बांधला जातो, कारण पाणी असलेल्या स्नायूंतून वीज सहज वाहते आणि चरबीतून कमी. (पेसमेकर बसवलेल्यांनी असा काटा वापरू नये, ही सूचना खोक्यावर फारच बारीक अक्षरांत आहे.) हा प्रवाह मुख्यतः पायांतून आणि कमरेखालच्या भागातून फिरतो, वरच्या धडाचा हिशेब उंची, वय, लिंग आणि वजन सूत्रात घालून केला जातो. एका सकाळी कोरड्या पायांनी मला २१.४ टक्के मिळाले आणि आंघोळीनंतर ओलसर पायांनी १९.८. त्यानंतर मी ॲपमध्ये माझे वय दहा वर्षांनी वाढवले आणि पुन्हा उभा राहिलो, तर दोन मिनिटांपूर्वीच्या त्याच शरीरात दोन टक्के चरबी वाढली होती. मी काय मोजतो आहे आणि काय भरतो आहे, हे या प्रयोगानंतर मला पुरते समजले.

उष्मांकांचा भाग मी थोडक्यात आटोपतो, कारण तो थोडक्यात आटोपण्याच्याच लायकीचा आहे. ॲप मनगटी पट्ट्याशी जोडले की ‘खर्च झालेले’ उष्मांक दिवसाच्या मर्यादेत परत मिळवते आणि तेवढे अधिक खाण्याची मुभा देते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सात मनगटी उपकरणे तपासली, तेव्हा त्यांपैकी सहांचे हृदयाचे ठोके पाच टक्क्यांच्या आत बरोबर निघाले, परंतु खर्च झालेल्या ऊर्जेच्या बाबतीत सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होते. अशा आकड्याच्या भरवशावर ताटात भर घालणे शहाणपणाचे नाही.

आता माझ्या सवयींविषयी, कारण ‘सोबती’ विभागाचे मूल्यमापन त्यांच्याशिवाय करता येणार नाही. माझे ताट लहान आहे. पहिले वाढलेले संपल्यावर मी दहा मिनिटे थांबतो आणि मगच दुसऱ्यांदा घ्यायचे की नाही ते ठरवतो. बहुतेक वेळा तोपर्यंत भूक भागलेली असते. उभ्याने किंवा पडद्यासमोर बसून मी खात नाही. रात्रीच्या जेवणानंतर स्वयंपाकघराचा दिवा बंद होतो तो सकाळीच लागतो. फोनवर बोलताना मी फेऱ्या मारतो आणि जिने चढतो. कमरेचा पट्टा तिसऱ्या छिद्रात घट्ट वाटू लागला की पुढचे चार-सहा दिवस हात आखडता घेतो. यात कष्ट थोडे आहेत आणि माझ्या शरीराच्या ठेवणीचा वाटाही असणारच. संशोधक जेम्स लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सोळा जणांना आठ आठवडे रोज १००० उष्मांक जास्त दिले होते. त्यांत कोणाची चरबी अर्ध्या किलोहूनही कमी वाढली, तर कोणाची चार किलोंहून अधिक. या फरकाचे मोठे कारण व्यायामाबाहेरच्या हालचाली, म्हणजे उठणे-बसणे, चुळबूळ आणि येरझाऱ्या, हे होते. माझ्या फेऱ्यांना घरातले लोक हसतात, पण त्या मी आता अभिमानाने मारतो.

अडचण अशी आहे की यातल्या कशाचेही छायाचित्र निघत नाही. सुरुवातीच्या उत्साहात मी ‘सोबती’मध्ये लिहिले, “आज दुसऱ्यांदा वाढून घेतले नाही.” त्याला दोन पसंत्या मिळाल्या आणि त्यांतली एक माझ्या मुलीची होती. त्याच दिवशी कोणीतरी सात दिवस केवळ द्रवपदार्थांवर काढल्याची घोषणा केली होती आणि तिच्याखाली शेकडो अंगठे होते. प्रतिसाद ज्याला जास्त तो मजकूर वर, हा त्या विभागाचा नियम असल्याने जे टोकाचे तेच रोज समोर येते. वजन वीस वर्षे स्थिर ठेवणाऱ्याकडे दाखवण्यासारखे काहीच नसते, आणि ज्याचे उतरलेले वजन परत वाढते तो गप्प बसतो. पहिल्या महिन्यात रोज दिसणाऱ्या दहा खात्यांची मी सहज नोंद ठेवली होती. वर्षभराने त्यांतली तीनच बोलत होती. त्या सात जणांचे मौन कोणत्याही आलेखात उमटत नाही, त्यामुळे नव्याने आलेल्याला तिथे केवळ यशच यश दिसते. ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या छायाचित्रांत तर प्रकाश कोठून येतो, पोट आत ओढले आहे का आणि खांदे कसे आहेत, एवढे पाहिले तरी किलो-दोन किलो डोळ्यांसमोर विरघळतात.

हे सारे मी बाहेरून पाहत राहिलो असतो तर तक्रार नव्हती. तिसऱ्या महिन्यात मी दिवसातून तीनदा काट्यावर उभा राहू लागलो. दर रविवारी सकाळी त्या आठवड्याची क्रमवारी लागत असे, आणि एका शनिवारी रात्री, कमी करण्यासारखे काहीही नसताना, मी जेवणच टाळले. मुलगी म्हणाली, “बाबा, तुमचं वजन तर ठीकच आहे, मग ही परीक्षा कोण घेतंय?” मला उत्तर सुचले नाही. फोनमधला वापराचा हिशेब काढला तर त्या आठवड्यात रोजची सरासरी चाळीस मिनिटे ‘सोबती’मध्ये गेली होती, आणि ती सगळी बसून. माझ्यासारख्या प्रौढ आणि सडपातळ माणसाची ही गत, तर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचे काय होत असेल? इन्स्टाग्रामच्या अंतर्गत संशोधनातील कागदपत्रे २०२१ मध्ये बाहेर आली, तेव्हा शरीराबद्दलची असमाधानाची भावना दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीच्या बाबतीत आपण अधिक बिघडवतो, असे कंपनीच्याच माणसांनी लिहून ठेवलेले आढळले होते. असा विभाग वजनकाट्याला जोडताना कोणी क्षणभर थांबले असेल, असे वाटत नाही.

एक गोष्ट मान्य करतो. सतरंजीवर काटा का चुकतो, हे मला कळले ते याच विभागातल्या एका अनोळखी माणसाच्या नेमक्या उत्तरामुळे. मात्र ते प्रश्नोत्तरांच्या कोपऱ्यात मिळाले, जिथे छायाचित्रे टाकता येत नाहीत आणि क्रमवारीही नाही. मोठे वजन उतरवताना एकटे पडलेल्या माणसाला चार समदुःखी भेटणे मोलाचे असते, याबद्दलही मला शंका नाही. परंतु एकमेकांची नावे ठाऊक असलेल्या आठ-दहा जणांच्या गटाचे काम हजारो अनोळखी लोकांच्या मांडवात होत नाही.

तेव्हा काटा घ्यावा, पक्क्या फरशीवर ठेवावा, आठवड्यातून एक-दोनदा सकाळी वापरावा आणि सरासरीची रेषा तेवढी पाहावी. ज्यांना आकड्यांची धास्ती बसते किंवा ज्यांचे खाण्याशी असलेले नाते आधीच बिनसलेले आहे, त्यांनी तो घरात आणू नये. ‘सोबती’च्या सूचना बंद करण्यासाठी सेटिंगमध्ये चार पायऱ्या खाली उतरावे लागते आणि तरीही ॲप प्रत्येक वेळी त्याच पानावर उघडते. ते पान कायमचे लपवण्याची सोय द्यावी, असे मी कंपनीला दोन महिन्यांपूर्वी कळवले होते. त्यावर तत्परतेने उत्तर आले की सूचनेबद्दल आभारी आहोत, कृपया ती ‘सोबती’ विभागात मांडावी, म्हणजे इतरांनाही पसंती नोंदवता येईल.