शाळासिद्धी आधी की समितीची बैठक आधी?

नव्याने मुख्याध्यापकपदाचा कार्यभार घेतलेले सहकारी मला हमखास विचारतात की, शाळेच्या सुधारणेचा आराखडा शाळासिद्धी या शाळा मूल्यमापनाच्या राष्ट्रीय चौकटीतील स्वयंमूल्यमापनावरून करावा की शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीवरून. दोन्ही करावे लागते हे त्यांनाही ठाऊक असते. आधी काय करावे, एवढाच प्रश्न असतो. जिल्हा परिषदेच्या एका छोट्या शाळेत मी दोन्ही क्रमांनी आराखडे केले आहेत. राज्यात पुढे स्क्वाफ ही शाळांच्या गुणवत्ता मूल्यांकनाची नवी चौकट आली, पण येथे लिहितो तो अनुभव शाळासिद्धीचा आहे.

२०१५ मध्ये आलेल्या या चौकटीतील ७ क्षेत्रे आणि ४६ गाभा मानके मुख्याध्यापकाला एरवी नजर न जाणाऱ्या जागा पाहायला लावतात, हे मान्य केलेच पाहिजे. समावेशनाची मानके वाचत असताना आमच्या लक्षात आले की, शाळेला रॅम्प आहे, परंतु त्याच्या तोंडाशीच आम्ही सर्व जण आपापल्या दुचाकी लावतो. शिक्षकांच्या कामगिरीचा विषय तर पालक भिडेपोटी बैठकीत काढतच नाहीत. तो या चौकटीमुळेच कागदावर येतो.

माझे मन उडाले ते त्यात प्रत्येक मानकाला द्यायच्या १ ते ३ या तीन स्तरांमुळे. एका वर्षी चौथीच्या २३ मुलांपैकी ९ जण परिच्छेद वाचताना अडखळत होते. परिपाठानंतर रोज अर्धा तास त्यांचे वाचन घेतल्यावर मार्चपर्यंत ही संख्या ३ वर आली. स्वयंमूल्यमापन भरताना मात्र संपादणुकीचा, म्हणजे मुले किती शिकली याचा, स्तर आदल्या वर्षी २ होता तो २ च राहिला, कारण स्तर ३ चे वर्णन आम्हाला प्रामाणिकपणे लागू होत नव्हते. शेजारी बसलेल्या वर्गशिक्षिकांनी पडद्याकडे पाहून विचारले, "सर, म्हणजे यंदा आपण काहीच केले नाही का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या तीन पायऱ्या इतक्या उंच आहेत की, वर्षभराचे काम दोन पायऱ्यांच्या मधेच राहते. मग कोणालाही सरळ ३ लिहून मोकळे होण्याचा मोह होतो, आणि ३ लिहिला की त्या मानकाखाली सुधारण्यासारखे काही उरत नाही.

आम्हीही त्या मोहाला बळी पडलो होतो. पुस्तके भरपूर असल्यामुळे ग्रंथालयाच्या उपलब्धतेला ३ लिहिला आणि त्याच ओघात उपयुक्ततेलाही ३ लिहिला. पुढे समितीच्या बैठकीत एक आई म्हणाल्या, "पुस्तकं आहेत हो सर, पण कपाटाची चावी तुमच्या ड्रॉवरात, आणि तुम्ही सारखे तालुक्याला मीटिंगला." चावी सातवीतील दोन मुलींकडे द्यायची आणि देवघेवीची वही दर शनिवारी पाहायची, असे तिथेच ठरले. काम, जबाबदारी आणि वार, तिन्ही एका वाक्यात आले.

बैठकीचे दोष मी लपवत नाही. समितीत ७५ टक्के सदस्य पालक, त्यामुळे सोयाबीनच्या काढणीत गणपूर्ती होत नाही, आणि झालीच तर अर्धा वेळ खिचडीवर जातो. अध्यापनाच्या पद्धतींबद्दल तिथे फारसे निघत नाही. तरीही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ ने शाळा विकास आराखडा करण्याचे काम समितीकडेच दिले आहे आणि अनुदानाचा आधारही तोच आराखडा मानला आहे, हे विसरून चालत नाही.

जिथे शिक्षकवर्ग मोठा आणि नवखा आहे, तिथे पहिल्या वर्षी शाळासिद्धी आधी करणे कदाचित सोयीचे पडेल. माझा क्रम मात्र आता ठरलेला आहे: बैठक काढणीच्या आधी, संध्याकाळी ७ वाजता, म्हणजे मजुरीला गेलेल्या आया परतलेल्या असतात, आणि दुसऱ्या दिवशी शाळासिद्धीची छापील प्रत घेऊन शिक्षकांसोबत, आदल्या संध्याकाळी ज्यांच्याबद्दल कोणीच बोलले नाही ती मानके आधी.