कोल्हापुरात जुनं घर घेताय? आमचे ६२ लाख कुठं अडकले ते आधी वाचा

जुन्या घराच्या व्यवहारात कोण कोण कोणाचा माणूस असतो हे इथं कोणाला सांगायला नको. एजंट, त्याचा ओळखीचा रंगारी, कागद करून देणारा त्याच्याच ओळखीचा वकील. ही साखळी आम्हालाही ठाऊक होती. म्हणून तर आम्ही पैसे मोजून इंजिनिअरकडून घर तपासून घेतलं. आणि नेमका तोच साखळीतला निघाला.

घर बंगलीवजा, खाली हॉल, स्वयंपाकघर आणि एक खोली, वर दोन खोल्या. किंमत ६२,००,००० रुपये. त्यात बँकेचं कर्ज ३५,००,०००, माझ्या प्रॉव्हिडंट फंडातले ११,४०,००० आणि बाकी ह्यांच्या रिटायरमेंटचे. एजंटाची दलाली एक टक्का म्हणजे ६२,०००. तेवढीच त्यानं मालकाकडूनही घेतली, हे मागाहून कळलं. इंजिनिअरचे ६,५००. हे ६,५०० आम्ही एजंटाच्याच नंबरवर पाठवले होते, कारण "साहेब कामात असतात, मी देतो त्यांना" असं तो म्हणाला. तपासणाऱ्याचे पैसे दलालाच्या खात्यात जात असतील तर व्यवहार तिथंच थांबवा.

भागाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथं बाकीचीही माणसं राहतात. शाहूपुरीतली कुंभार गल्ली, दुधाळी, सुतारमळा, बापट कॅम्प ही नावं पुराच्या बातम्यांतून प्रत्येक कोल्हापूरकराला पाठ आहेत. आमचं घर त्यात कुठंच नाही. नदी लांब. पण पंचगंगा फुगली की शहरातून वाहणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि उलटं शहरात तुंबत येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट. तेव्हा नाल्याच्या आसपासच्या गल्ल्यांत, जिथं कोणी बोटी नेल्या नाहीत की कॅमेरे नेले नाहीत, तिथंही घराघरांत पाणी होतं. त्यामुळं नुसतं "पूरग्रस्त भागात आहे का" असं विचारू नका. "ह्या उंबऱ्याच्या आत पाणी आलं होतं का, किती आलं होतं" असं विचारा, आणि ते मालकाला नाही, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, पिठाच्या गिरणीवाल्याला, पेपर टाकणाऱ्याला विचारा.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप लागत नाही. खालच्या मजल्यावरचे सगळे इलेक्ट्रिकचे बोर्ड माझ्या खांद्याच्याही वर होते. टीव्हीचा, फ्रिजचा, सगळेच. वरच्या मजल्यावर मात्र ते नेहमीच्या उंचीवर, पलंगाशेजारी. मी हे बघितलं होतं. विचारलंही होतं. एजंट लगेच म्हणाला, "वहिनी, मालकांची नातवंडं लहान, प्लगात बोटं घालायची, म्हणून वर घेतले." माझी नात तीन वर्षांची आहे, ती असंच करते. ह्यात न पटण्यासारखं काय होतं? पण मुलांच्या खोल्या वर होत्या, आणि वरचे बोर्ड खालीच होते. एवढं एक वाक्य मी तेव्हा बोलले असते तर! पुराच्या पाण्यात बोर्ड बुडालेली घरं दुरुस्तीत बोर्ड वर घेतात, हे कोल्हापुरात गवंड्याच्या पोराला माहीत आहे. इंजिनिअर म्हणवणाऱ्याला ते माहीत नव्हतं, असं कोणी मला सांगू नये. तो शेजारीच उभा होता, मोबाईल बघत.

आणखी खुणा होत्या. खालची दारं फायबरची नवी कोरी, वरची जुनी सागवानी. खाली भिंतींना चार फुटांपर्यंत पीव्हीसी पॅनेल, वर कुठंच नाही. खाली सगळीकडं ताजा रंग, पीओपीचं छत. हे सगळं दिसायला इतकं टापटीप होतं की आमच्याबरोबर आलेल्या जावेनंही कौतुक केलं. आम्ही काही बांधकामातले नाही. ज्याला त्यातलं कळतं त्याला आम्ही पैसे दिले होते.

जूनचा पाऊस लागला आणि पॅनेलच्या वरच्या कडेला रंगाचे पोपडे धरायला लागले. कपाटाच्या मागं कुबट वास. सुताराला बोलावून हॉलमधलं एक पॅनेल काढलं. मागं गिलाव्यावर ओलीनं येणारा पांढरा क्षार, लोणा, फुललेला, आणि कमरेच्या वर, भिंतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ तपकिरी रेघ. रेघेच्या खाली वाळलेला गाळ, नख लावलं की भुकटी पडायची. स्वयंपाकघरातही तीच रेघ, त्याच उंचीवर. जिन्याजवळच्या कॉलमच्या पायथ्याला नुसता वरवर सिमेंट चोपडलेला होता. तो सुटला तर आत सळई गंजून फुगलेली, सळयांभोवतीच्या रिंगा हाताला लागल्यावर तुटल्या.

मग आम्ही स्वतः शोधून दुसरा स्ट्रक्चरल इंजिनिअर आणला, फी १४,०००. त्यानं हातोडीनं गिलावा ठोकून पोकळ आवाज कुठं येतो ते दाखवलं, काँक्रीटची ताकद बघायचा रिबाउंड हॅमर लावला, ओल मोजायचं यंत्र लावलं, पीओपी एका कोपऱ्यात कापून स्लॅब बघितला. स्लॅबलाही गळती. अर्थिंग नावालाच, आणि गळतीचा करंट तोडणारा स्विच जोडलेलाच नाही. दुरुस्तीचा अंदाज ७,८५,०००. पहिल्या इंजिनिअरनं ह्यातलं काहीच केलं नव्हतं. त्याच्या चार पानी अहवालात "ओल आढळली नाही" असं ठळक, आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात "सजावटीमागील भाग तपासणीत समाविष्ट नाही". अहवाल शेवटच्या पानापासून वाचा.

बँकेनं बघितलं होतं ना, असं सगळे म्हणतात. बँकेचा व्हॅल्युअर जागेची किंमत बघतो, त्यांचं कर्ज बुडू नये म्हणून. तो दहा मिनिटांत फोटो काढून गेला. त्याचेही ५,९०० आमच्याच खिशातून.

पोलीस ठाण्यात गेलो. तक्रार वाचायच्या आधीच उत्तर तयार, "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." मी भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ दाखवलं, तर "वहिनी, तुम्ही घर बघूनच घेतलंय ना?" अर्ज घेतला, पोच द्यायला टाळाटाळ. रेराचं, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीच्या स्थावर मालमत्ता कायद्याचं, विचारलं तर वकील म्हणाले, बांधकामातल्या दोषांची पाच वर्षांची हमी बिल्डरवर असते, जुनं घर विकणाऱ्या मालकावर नाही. ग्राहक आयोगात मालकाविरुद्ध चालणार नाही, कारण तो काही सेवा देणारा नव्हे. एजंट आणि इंजिनिअर यांनी मात्र फी घेतली आहे, त्यांच्याविरुद्ध बघता येईल. म्हणजे एका फसवणुकीसाठी तीन दारं, आणि प्रत्येक दारात पुढच्या दाराकडं बोट.

सगळ्यात संताप ह्याचा. पुरानंतर घरोघरी पंचनामे झाले होते, मदत वाटली होती. ह्या घराचाही पंचनामा झालाय, शेजारच्या काकूंनी डोळ्यांनी बघितलाय. त्याची प्रत मिळावी म्हणून दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला. महिन्यानं उत्तर आलं, वैयक्तिक माहिती असल्यानं देता येत नाही. माझ्याच घरात किती पाणी आलं होतं, ही सरकारी कागदावरची नोंद मला बघता येत नाही! ज्यानं लपवलं त्याची माहिती जपायची, आणि जिनं आयुष्याची पुंजी घातली तिला अपिलात पाठवायचं. अपील केलंय.

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चं कलम ५५ सांगतं, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीनं न दिसणारा मोठा दोष त्यानं सांगायलाच पाहिजे. आमच्या नोटिशीला मालकाचं उत्तर एका ओळीचं, खरेदीखताकडं बोट दाखवणारं. त्यात छापील वाक्य आहे, "लिहून घेणार यांनी मिळकत प्रत्यक्ष पाहून, तपासून, खात्री करून घेतली आहे." लिहून घेणार म्हणजे विकत घेणारे, आम्ही. सही माझी. हे वाक्य तुमच्या मसुद्यात दिसलं तर काढायला लावा, आणि उलट लिहून घ्या की २०१९ व २०२१ मध्ये मिळकतीत पुराचं पाणी शिरलेलं नाही असं लिहून देणार, म्हणजे मालक, सांगतात. खोटं असेल तर मालक सही करायला कचरेल, तेवढ्यावरच कळेल.

नगररचनेकडून झोन दाखला काढा, पूररेषेच्या नकाशावर निळी (वरचेवर येणाऱ्या पुराची) आणि लाल (क्वचित येणाऱ्या महापुराची) रेषा कुठून जाते ते बघा, पण रेषेबाहेर आहे म्हणून निवांत होऊ नका. घर पावसाळ्यात बघा. पॅनेल असेल तर विसाराच्या आधी एक काढून दाखवा म्हणा. नाही म्हणाले तर उठा.

दिवाणी दाव्याची तयारी चालू आहे, वकिलांनी पहिले ४०,००० घेतलेत. जयंती नाल्याच्या आसपासच्या गल्ल्यांचे जुलै २०२१ मधले फोटो किंवा व्हिडिओ कोणाकडं मोबाईलमध्ये अजून असतील तर ते पुसू नका, मला कळवा. मूळ फाईल हवी, व्हॉट्सॲपवर फिरलेली नको, तिच्यातली तारीख जाते.